पावणेतीन तोळ्यांचा आवाज

माणच्या एस.टी. थांब्याला लागून पत्र्याचं एक दुकान होतं. दारात पाण्याच्या दोन-तीन मोटारी पोटं उघडी टाकून पडलेल्या, आत तांब्याच्या तारेची रिळं, आणि मधोमध फळीवर मांडी घालून बसलेला भिवाजी ओव्हाळ. अंगात बाह्या कापलेली बंडी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. हिंजवडीपासून मारुंजीपर्यंत कुठल्याही विहिरीवरची मोटार जळाली की बैलगाडीत बसून इथंच यायची. सत्तर-ऐंशीच्या सालात विजेचा दाब असा काही वर-खाली व्हायचा, की मोटारी भराभर जळायच्या आणि भिवाजीची चूल पेटती राहायची. विजेवर तो कधी रागावल्याचं कुणाला आठवत नाही.

त्याला दोन गोष्टींचा भारी अभिमान. पहिला हाताचा. त्यानं मोटारीत भरलेली तार बघावी तर एकीला एक चिकटून, शाळेत प्रार्थनेला पोरं उभी करावीत तशी. एखादा वेढा दुसऱ्यावर चढला तर सगळी गुंडाळी उसवून पहिल्यापासून घालील, पण तसा सोडणार नाही. दुसरा अभिमान कानाचा. मोटार दुखती कुठं हे तो ऐकून सांगायचा. लांबलचक स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटारीच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. "पुढलं बेरिंग गेलंय," म्हणायचा. आणि ते गेलेलंच असायचं.

आता गंमत अशी की या कानाच्या बहाद्दराला ऐकू कमी यायचं. लहानपणी दोन्ही कान वाहायचे, तरणेपणी खाणीवर सुरुंगाची कामं केलेली. वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या भिवाजीला. बायको अनुसया त्याच्याशी बोलताना आपोआप आवाज चढवायची, तिचं बघून शेजारी चढवायचे, आणि भिवाजी म्हणायचा, "अलीकडं मानसं लई तोंडाळ झाल्यात." मारुंजीच्या कुशाबानं एकदा तोंडावर विचारलं, "तात्या, बहिरा झालास काय?" भिवाजीनं हसून मोटार दिली. ती विहिरीवर बसवली तर उलटी फिरायला लागली. दोन तारांची अदलाबदल केलेली. कुशाबा दोन दिवस विहिरीभोवती फिरत होता. तेव्हापासून तो विषय सगळ्यांनी पोटात ठेवला. पुढं सत्त्याऐंशी साली शिबिरात त्याला कानाचं यंत्र मिळालं, ते त्यानं तीन दिवस लावलं आणि डब्यात घालून ठेवलं. म्हणाला, "वस्ती माझ्याबद्दल येवडं बोलती हे मला कुटं म्हाईत हुतं?"

पण ही गोष्ट एक्क्याऐंशीची, आणि ती सुरू होते आनंदा पोस्टमनपासून.

आनंदा म्हणजे भिवाजीचा लंगोटीयार. दिवसा खाकी घालून सायकलवरून टपाल वाटायचा, आणि संध्याकाळी विहारात वस्तीच्या गायन पार्टीत गिटार वाजवायचा. साधीसुधी नव्हे, विजेवरची गिटार. चौसष्ट साली पुण्याच्या लष्कर भागातला एक ख्रिश्चन वादक देश सोडून निघाला, त्याच्याकडून आनंदानं ती घेतली आणि घोंगडीत गुंडाळून माणपर्यंत आणली. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरनं लोखंडी कांडी फिरवत वाजवायची. पहिल्यांदा जयंतीच्या मांडवात ती वाजली तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्या बाया उठून भोंग्याजवळ गेल्या, आत बाई बसलीय का बघायला. तिचा आवाजच तसा. स्वच्छ तरी होता, आणि त्यात किंचित घोगरेपणा. गाऊन गाऊन बसत आलेल्या गळ्यातनं शेवटचं कडवं निघावं तसा. वस्तीतली दोन लग्नं त्या आवाजानं जुळली असं बोललं जातं. तिसरंही जुळलं होतं, पण ते मोडलं, आणि त्या बाई अजून आहेत, तेव्हा नाव नको.

एक्क्याऐंशीच्या फेब्रुवारीत ती गिटार एकाएकी मुकी झाली. जयंतीला दीड महिना. त्यात यंदा मारुंजीच्या पार्टीशी सामना ठरलेला. एका मांडवात दोन पार्ट्या, यांनी एक गाणं टाकायचं, त्यांनी त्याला उत्तर द्यायचं. आनंदा पुण्याला गेला. दुकानदारानं तारांखालचं काळं डबडं, म्हणजे पिकअप, काढलं आणि नवं घातलं. गिटार बोलायला लागली, पण पत्र्यावर खडे टाकावेत तशी. पार्टीची गाणारी रत्नाबाई पहिल्याच तालमीला थांबली. म्हणाली, "दादा, हिच्यासंगं माझा गळा लागत न्हाई. अंगावर येती ही."

आनंदा जुनं डबडं रुमालात बांधून भिवाजीच्या दुकानात आला.

"ह्यात काय असतंय रं?" भिवाजीनं विचारलं.

"लोहचुंबक हाय, आन् त्येच्याभवती तार. वर तार थरथरली की ह्या तारंत वीज हुती. ती जाती भोंग्यात."

भिवाजी खुलला. "म्हंजी मोटारीचं उलटं. मोटारीत वीज घालायची आन् हालचाल काढायची. ह्यात हालचाल घालायची आन् वीज काढायची. ठेव हितं. भरून देतो."

"भिवा, नीट ऐक," आनंदा त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाला. "मला नवा आवाज नकोय. मोठा नकोय. मला चौसष्ट सालचा आवाज पायजे. त्यो न्हाई आला, तर मी ह्या जयंतीला गिटार धरायचो न्हाई. रत्नाला सांगतो, पेटीवर गा."

"आरं, वरडतुयास कशाला?" भिवाजी म्हणाला. "मला ऐकू येतंय."

डबडं उघडलं आणि भिवाजीचे डोळे विस्फारले. तार केसाहून बारीक. उलगडायला गेला तर तुकडे पडायला लागले. वेढे मोजणार कसे? मोटारीच्या धंद्यातली युक्ती त्यानं इथं लावली: वेढे मोजता येत नसतील तर जुनी तार वजन करायची, तेवढीच नवी भरायची. पण ही तार त्याच्या काट्यावर काडीइतकीही दिसेना. मग तो पुडी घेऊन थेट पौडला सोनाराकडं गेला. सोनारानं तोलून सांगितलं, पावणेतीन तोळे.

झालं. सोनाराच्या दुकानात त्या वेळी माणच्या रंभाबाई पाटल्या उजळायला बसल्या होत्या. रंभाबाई म्हणजे वस्तीचं रेडिओ केंद्र. फरक एवढाच, की रेडिओ रात्री बंद व्हायचा. भिवाजीची गाडी माणला पोचायच्या आत बातमी पोचली: भिवाजी पावणेतीन तोळ्यांचं काहीतरी करतोय. संध्याकाळी तो घरी आला तर अनुसयेनं तांदळाची खीर केलेली, केसात अबोली माळलेली.

"अवो, काय आनलं पौडावनं?" तिनं विचारलं.

भिवाजीनं खिशातनं पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. आत काळ्या पडलेल्या तांब्याचा गुंता.

तिनं खीर वाढली, नाही असं नाही. पण वाटी अशी आपटली की ती भिवाजीलासुद्धा ऐकू गेली.

नवी तार त्यानं पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणली. चुंबक मात्र जुनेच ठेवायचे ठरले. नव्या डबड्यातले तारांना ओढून धरत होते, जुने वयानं नरमले होते, आणि आनंदा म्हणाला की हेच बरं. प्रश्न राहिला भरायचा. भिवाजीची बोटं मोटारीची, जाड. केसासारखी तार त्यांना कळेनाच. दर शंभर वेढ्यांनी तुटायची. शेवटी अनुसयेचं हाताचं शिलाई मशीन बाहेर काढलं. त्याच्या चाकाला डबडं बसवलं. दांडा फिरवायचा भिवाजीनं आणि मोजायचं, आणि तार चिमटीत धरून सोडायची अनुसयेनं.

अनुसया बसली, पण गप्प बसेल तर अनुसया कसली. शेजारची तुळजाबाई तांदूळ निवडायला आली होती. दोघींनी तिच्या धाकट्या जावेचं बाळंतपण काढलं, मग जावेच्या आईचा स्वभाव, मग त्या आईनं बारशाला आणलेलं आखूड झबलं. अनुसयेचा हात तोंडाबरोबर चालायचा. रागाची गोष्ट आली की तार भसकन कडेला जायची, हसायची आली की मधे यायची. भिवाजीला तिकडं बघवेना. वेढ्यावर वेढा, तिरका, आडवा, कसाही. पण तार तुटत नव्हती, म्हणून त्यानं डोळे मिटून दांडा फिरवला. भरून झालं तेव्हा ती गुंडाळी म्हणजे चिमणीचं घरटं दिसत होती.

विहारात तालीम ठरली. आनंदानं डबडं बसवलं, कांडी धरली आणि पहिला सूर काढला. तो सूर तसाच लांबवत नेला, आणि थांबला. रत्नाबाईनं पदर तोंडाला लावला. कोपऱ्यात वाती वळत बसलेली गंगूआत्या, ऐंशीच्या पुढची बाई, मान वर न करता म्हणाली, "आली का पोर सासरवरनं?"

सगळे हसले. एकटा भिवाजी हसला नाही. त्याला तो आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटला.

"दबका हाय," तो म्हणाला.

"न्हाई रं! ह्योच त्यो," आनंदा म्हणाला.

"मला चौसष्ट सालचा आठवतुया. कसा खणखणीत! ह्यो दबका हाय."

आनंदानं रत्नाबाईकडं बघितलं, रत्नाबाईनं ढोलकीवाल्या वाल्मीककडं, वाल्मीकनं छताकडं. कुशाबाची उलटी फिरणारी मोटार सगळ्यांच्या डोळ्यांपुढून गेली. तेव्हा कुणीतरी खरं बोललं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण वाल्मीक म्हणाला, "तात्या, झ्याक झालंय, लई झ्याक!" आणि तो इतक्या घाईनं म्हणाला की भिवाजीची खात्री पटली: हे आपलं मन राखतायत.

दुसऱ्या दिवशी तो आनंदाच्या घरी गेला. "मेन पाजायचं राह्यलंय. तार आत हालाया नको. एक दिवस दे." यात खोटं नव्हतं, विहारातल्या मेणबत्त्यांचं उरलेलं मेण त्यानं गोळाही केलं होतं. आनंदानं गिटार आणि भोंग्याची लाकडी पेटी दोन्ही दिल्या.

दुकानात आल्यावर भिवाजीनं त्या घरट्याकडं बघितलं. असलं वाकडंतिकडं काम आपल्या दुकानातून जाणार? आवाज दबणार नाही तर काय होणार! आणि मोटारवाल्याच्या हातानं सवयीनं जे करायचं ते केलं. ब्लेड घेतलं, गुंडाळी उभी कापली, आणि तांबं भंगाराच्या डब्यात टाकलं.

मग तीन दिवस खपून, श्वास रोखून, स्वतःच्या हातानं सरळ भरली. ओळीत. वेढेही कमी घातले, म्हणजे आवाज मोकळा होईल. वाजवून बघितलं. आधीपेक्षा बरा, पण अजून दबकाच. आणखी पाचशे काढले. मग आणखी हजार. मोटारी दारात साचत चालल्या, त्यांत मोटार अडकलेल्या गेणबाच्या उसाला पाणी मिळेना, तो रोज येऊन शिव्या घालून जायचा, आणि त्या शिव्या दांड्याच्या घुर्र घुर्रमध्ये बुडून जायच्या.

जयंतीला आठ दिवस राहिले तेव्हा आनंदा सायकल टाकून दुकानात शिरला. गिटार मांडीवर घेतली, एक सूर काढला, आणि थांब्यावरचं कुत्रं उठून निघून गेलं.

"मेन पाजतो म्हनलास आन् नरडंच बदललंस?" आनंदानं गिटार फळीवर ठेवली. "पैली तार कुटाय?"

भिवाजीनं भंगाराच्या डब्याकडं बोट केलं.

आनंदानं डब्यात एकदा डोकावून बघितलं. टपालाची पिशवी खांद्याला लावली आणि गेला. सतरा वर्षांत पहिल्यांदा तो दुकानातून चहा न पिता गेला. त्या संध्याकाळी त्यानं रत्नाबाईला निरोप धाडला, पेटीवर गायची तयारी ठेव.

इकडं भिवाजीला वाटलं, काय माणूस आहे! आपण आवाज उघडून देतोय आणि याला राग येतोय.

त्यानंतर तीन दिवसांनी मारुंजीचा कुशाबा मोटार घेऊन आला. हो, तोच. आता फार जपून बोलायचा. भिवाजीनं मोटार जोडली, चालू केली, आणि स्क्रू ड्रायव्हर टेकवून डोळे मिटले. खरखर, खरखर. अगदी साफ.

"मागलं बेरिंग," तो म्हणाला आणि ड्रायव्हर काढला.

"व्हय की," कुशाबा दाराशी बिडी पेटवत म्हणाला. "हितपत्तोर खरखरतंय."

भिवाजी त्याच्याकडं बघत राहिला. कुशाबा दहा पावलांवर होता. मोटार भिवाजीच्या गुडघ्याला लागून होती. आणि ड्रायव्हर काढल्याबरोबर ती खरखर गेली होती. राहिली होती ती नुसती लांबून ट्रक जावा तशी घुमघुम. त्यानं ड्रायव्हर पुन्हा लावला. खरखर आली. काढला. गेली. लावला. आली. पाच-सहा वेळा त्यानं असं केलं. कुशाबा घाबरून बिडी विझवून उभा राहिला. त्याला वाटलं, आता मोटार उभीच फिरायला लावतोय की काय.

"कुशाबा," भिवाजी हळू म्हणाला, "तू मागं मला काय इचारलं हुतंस?"

"कायबी न्हाई, तात्या! मी कशाला काय इचारतुया?" असं म्हणून कुशाबा मोटार तिथंच टाकून निघून गेला.

भिवाजीनं गिटार ओढली. भोंग्याची पेटी जवळ घेतली. ड्रायव्हरचं टोक पेटीच्या लाकडावर टेकवलं, मूठ कानामागं दाबली, आणि उरलेल्या हातानं एक तार छेडली.

त्याचे दात आंबले. पत्र्यावर खडे. पुण्याहून आलेल्या डबड्यापेक्षाही वाईट. बारीक, पोटात काही नसलेला, टोचणारा आवाज. आणि हा त्यानं स्वतःच्या हातांनी, श्वास रोखून, ओळीत भरला होता. चिमणीचं घरटं बरोबर होतं. गंगूआत्याची पोर सासरहून आली होती, आणि त्यानं तिला भंगाराच्या डब्यात टाकलं होतं.

त्यानं भोंगा बंद केला. मग दुकानाला कुलूप लावून चालत माणच्या वेशीपर्यंत गेला. आनंदा चारला तिकडून टपाल वाटून परत यायचा. सायकल आली. भिवाजी मध्येच उभा राहिला.

"आन्या, माझं कान गेल्यात."

आनंदानं ब्रेक दाबला. एक पाय जमिनीवर टेकला. "कवा कळलं?"

"आज. तुला?"

"धा वर्सं झाली," आनंदा म्हणाला. "टपाल खात्यातबी ठाऊक हाय. तुझी तार आली तर दाराची कडी वाजवू नका, सरळ आत जावा, असं नव्या मानसाला आमी सांगूनच ठिवतो."

"आन् मला एकानंबी सांगितलं न्हाई?"

"कुशाबानं सांगितलं हुतं की."

भिवाजी हसला, आणि मग हसू तोंडावरच राहिलं. "आन्या, तुझा आवाज मी कापला. बरूबर हुता. तू म्हनत हुतास, आन् मला वाटलं तुमी समदी लबाड."

आनंदा सायकलवरून उतरला. "पाच दिस हायेत. त्या वहिनीला बसव परत मशीनवर."

अनुसया बसली. दांड्यावर भिवाजी, समोर आनंदा. पावणेतीन तोळे तार तोलून ठेवलेली. पण आता सगळ्यांना माहीत होतं की वाकडं भरायचं आहे, आणि अनुसयेलाही माहीत होतं. तिथंच घात झाला. इतकी वर्षं नवऱ्यानं तिला कधी आपल्या धंद्यातलं काही विचारलं नव्हतं, आणि आज पोस्टमनसुद्धा तिच्या बोटांकडं टक लावून बसला होता. तिनं पदर खोचला, जीभ दातात धरली, आणि तार अशी सरळ सोडायला लागली की भिवाजीला मनातून कौतुकच वाटलं.

"वहिनी, वाकडी!" आनंदा म्हणाला.

"वाकडीच सोडतीया की!"

"कुटं? रूळ टाकल्यात नुसतं."

तिनं मुद्दाम वाकडी सोडली, तर तीही एकसारखी वाकडी, एका मापानं. दोनदा उसवलं. संध्याकाळ व्हायला आली. अनुसया रडकुंडीला आली. "मला न्हाई येत असं ठरवून वंगाळ काम कराया! त्या दिशी मी बघतच नव्हते."

"काय करत हुतीस?" भिवाजीनं विचारलं.

"बोलत हुते."

आनंदा उठला आणि वस्तीच्या वरच्या आळीला जाऊन रंभाबाईलाच घेऊन आला. तुळजाबाई चालली असती, पण हे काम मोठं होतं.

रंभाबाई आली, पान जमवलं, सगळ्यांकडं बघितलं. "काय बोलू?"

"काय बी बोला," आनंदा म्हणाला.

आणि काय सांगावं! जन्मात जिचं तोंड मिटलं नाही ती बाई गप्प झाली. "काय न्हाई बा. समदं बरं हाय वस्तीत. मी कुनाच्या अध्यात न्हाई न् मध्यात न्हाई." पाच मिनिटं दांड्याचा तेवढा आवाज. आनंदा पोस्टमन, वीस वर्षं माणसं जोखलेला. सहज म्हणाला, "मारुंजीच्या पार्टीसंगं तुमची व्हीनबाई येनार म्हनं. सांगत हुती, माणच्या लोकांला पावन्यांचं करता येत न्हाई."

"कोन म्हनली? ती?" रंभाबाईनं पान थुंकलं. "तिच्या घरी आमी साखरपुड्याला गेलो तर..."

बांध फुटला. व्याहीण झाली, व्याहिणीची बहीण झाली, साखरपुड्यातला पातळ रस्सा झाला. अनुसयेची मान हळूहळू तिकडं वळली, बोटं सैल पडली. तार कडेला गेली, परत आली, मध्येच आडवी पडली. आनंदानं डोळ्यांनीच भिवाजीला खूण केली: थांबू नको. भिवाजी शंभर-शंभरच्या रेघा खडूनं भिंतीवर मारत दांडा फिरवत होता.

चार हजारांच्या पुढं व्याहीण संपली. रंभाबाईनं इकडं-तिकडं बघितलं, आणि तिची नजर भिवाजीवर थांबली. तीन हातांवर बसलेला, पण त्याला काय ऐकू येतंय! तिनं आवाजसुद्धा कमी केला नाही. आधी पावणेतीन तोळ्यांची खीर आणि अबोली काढली. मग भिवाजी झोपेत वेढे मोजतो हे काढलं. "काल किती झालं गं? हजार झालं का?" अनुसयेला हसू आवरेना. "नऊशेवर मी कूस बदलली, तर पैल्यापासनं मोजाया लागलं!" मग रंभाबाईनं चुलीजवळची पळी उचलली, तिचं टोक भाकरीवर टेकवलं, दुसरं टोक कानामागं लावून डोळे मिटले, आणि भिवाजीचं तोंड करून म्हणाली, "पुढली कड कच्ची हाय." अनुसया अशी हसली की डोळ्यातून पाणी आलं, तार या टोकाहून त्या टोकाला गेली.

भिवाजीला शब्द कळत नव्हते. पण पळी कळली. हसणं कळलं. बायको आपल्याकडं बघून आणि नजर चुकवून हसतेय हे कळलं. एरवी असं झालं असतं तर त्यानं दांडा सोडला असता आणि आठ दिवस घरात कुणाशी बोलला नसता. आता दांडा सोडला तर तार तुटणार होती. सात हजार तीनशे. त्यानं मान खाली घातली आणि फिरवत राहिला, ना जलद ना हळू. आनंदानं त्याच्याकडं बघितलं आणि पटकन भिंतीवरच्या रेघा मोजायला लागला. तार संपेपर्यंत रंभाबाईनं भिवाजीची बारशापासूनची सगळी अब्रू काढली होती, आणि गुंडाळी चिमणीच्या घरट्यापेक्षाही वाईट दिसत होती.

या वेळी भिवाजीनं ती वाजवून बघितली नाही. विहारातलं मेण पातळ करून तिला पाजलं, थंड होऊ दिलं, आणि फडक्यात गुंडाळून आनंदाच्या हातात दिली. "तू बसव. तू ऐक. काय कमी-जास्त वाटलं तर मला सांग, मी सांगशील तितकंच काढीन."

आनंदानं बसवली. त्यानं काही सांगितलं नाही, पण रत्नाबाईला दिलेला निरोप परत घेतला.

जयंतीच्या दिवशी ऊन कललं तसा मांडव भरला. निळे झेंडे, पताका, पुढं बायका, मागं पुरुष, आणि कडेला मारुंजीची पार्टी नवीकोरी वाद्यं घेऊन बसलेली. भिवाजी पहिल्या रांगेत, गेणबा आणि गंगूआत्याच्या मध्ये. गेणबाच्या उसाला पाणी सुरू झालं होतं, त्यामुळं त्याचाही राग उतरला होता. वंदना झाली. आनंदानं गिटार मांडीवर घेतली.

पहिला सूर निघाला. तो भिवाजीपर्यंत गोधडीतूनच आला. दबका. पण त्यानं बघितलं की मारुंजीच्या पार्टीतला गिटारवाला सरळ बसला. रत्नाबाईनं मानेला हलका झोका दिला आणि गळा लावला. मागं उभी असलेली पोरं बोलायची थांबली.

कडवं संपून मधलं वाजवणं सुरू झालं तेव्हा भिवाजीला राहवेना. तो गंगूआत्याकडं वळला. हळूच विचारावं असं त्याच्या मनात होतं, पण त्याचं हळूच म्हणजे काय ते सगळ्या वस्तीला ठाऊक.

"आत्या, कसा हाय?"

अख्ख्या मांडवानं ऐकलं. ढोलकीवर वाल्मीकचा हात चुकला. मारुंजीची माणसं माना उंचावून बघायला लागली. गंगूआत्यानं पदर सावरला, भिवाजीच्या कानाशी तोंड नेलं आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाली, "त्योच हाय, लेकरा! आता गप बस, मला ऐकू दे!"

हशा झाला. वर आनंदानं कांडी न थांबवता मान हलवली.

भिवाजी गप्प बसला. त्यानंतर मारुंजीवाल्यांनी दोन गाणी टाकली, यांनी दोन परतवली, सामना बराच रंगला, कोण वरचढ ठरलं यावरून दोन्ही गावं अजून भांडतात. भिवाजीनं त्यातलं काय ऐकलं असेल ते असेल. तो हात मांडीवर ठेवून, ज्यांना ऐकू येत होतं त्यांची तोंडं बघत शेवटपर्यंत बसला होता.